एका लहान विशेषणाचीं तीन मुळें

स्वीडनमध्यें लहानशा घराला ‘लीतेत हूस’ म्हणतात. घरें अनेक असलीं म्हणजे मात्र ‘स्मो हूस’ म्हणावें लागतें. ‘हूस’ हें नाम दोन्ही ठिकाणीं तेंच राहतें. बदलतें तें विशेषण, आणि तेंहि असें कीं जुन्या रूपाचें एक अक्षरहि नव्यांत उरत नाहीं. परक्या विद्यार्थ्याला ही भाषेची लहर वाटते. वस्तुतः ती इतिहासाची खूण आहे.

प्राचीन नॉर्स भाषेंत ‘लहान’ या अर्थाचीं दोन विशेषणें शेजारीं शेजारीं नांदत होतीं : ‘लीतिल्’ आणि ‘स्मार्’. दोहोंनाहि एकवचन होतें, अनेकवचनहि होतें. आइसलंडच्या भाषेनें हा वारसा जपला. तेथें ‘लीतिल्’चें अनेकवचन ‘लित्लिर्’ आजहि चालतें. स्वीडन, डेन्मार्क व नॉर्वे या देशांत मात्र दोघां भावांनीं जणूं वांटणी करून घेतली. एकवचन पहिल्याकडे राहिलें, अनेकवचन दुसऱ्याकडे गेलें. तुलनेचें काम तर प्राचीन काळापासूनच तिसऱ्या मुळाकडे आहे. ‘अधिक लहान’ म्हणजे स्वीडिशमध्यें ‘मिन्द्रे’. त्याचें नातें लॅटिन ‘मिनोर’शीं पोंचतें.

एकवचनांतहि सर्वत्र सारखेपणा नाहीं. नॉर्वेंत पुल्लिंगीं ‘लीतेन’, स्त्रीलिंगीं ‘लीता’ व नपुंसकलिंगीं ‘लीते’ अशीं तीन रूपें आढळतात. स्वीडिशमध्यें पुल्लिंग व स्त्रीलिंग एकरूप झाल्यामुळें ‘लीतेन’ आणि ‘लीतेत’ हीं दोनच उरलीं. विशिष्ट वस्तु दाखवावयाची असल्यास ‘लिल्ला’ येतें. डेन्मार्कमध्यें या शेवटच्या रूपाचें भावंड ‘लिले’ यानें एकवचनांतील इतर रूपांना मागें सारलें. आंडरसनच्या १८३७ सालच्या छोट्या जलपरीच्या कथेच्या मूळ नांवांत हेंच ‘लिले’ आहे.

इतका अनियमितपणा टिकतो कसा? मराठी मूल व्याकरण शिकण्यापूर्वींच ‘जातो’ आणि ‘गेला’ हीं दोन्ही रूपें बिनचूक वापरूं लागतें. त्यांच्या मुळाशीं ‘या’ आणि ‘गम्’ असे दोन निराळे संस्कृत धातु आहेत, हें त्याच्या गांवींहि नसतें. रोज कानीं पडणारा शब्द नियमाच्या आधींच जिभेवर बसतो. क्वचित् लागणाऱ्या शब्दाला मात्र नियम सहज आपल्या सांच्यांत ओढतो.

म्हणून अशा रूपांना दोष मानून पुसूं पाहणें म्हणजे पुरावाच नष्ट करणें होय. दक्षिण स्वीडनमध्यें ‘स्मोलांद’ नांवाचा एक प्रांत आहे. प्रांत एक, पण विशेषण अनेकवचनी! कारण पूर्वीं तेथें अनेक लहान लहान प्रदेश होते. ते केव्हांच एक झाले. त्यांचें अनेकत्व ‘स्मो’ या एवढ्याशा शब्दानें अद्यापि सांभाळून ठेविलें आहे.