लॉग चित्रणांतील प्रकाशाचें माप

व्हिडिओ कॅमेऱ्यानें लॉग पद्धतीत घेतलेलें चित्र प्रथमच पाहणाऱ्यास तें धुक्यांतून काढल्यासारखें वाटतें. काळा भाग राखी, पांढरा मळकट, चेहऱ्यावर तेज नाहीं. परंतु हा दोष नव्हे. पुढें रंगसंस्करणाच्या वेळीं उपयोगी पडावा म्हणून राखून ठेवलेला तो सांठा आहे.

या सांठ्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. प्रकाश स्टॉपनें मोजतात आणि प्रत्येक स्टॉपला तो दुप्पट किंवा निम्मा होतो. १० बिटांच्या नोंदींत १०२४ पायऱ्या असतात. त्या प्रकाशाच्या सरळ प्रमाणांत वांटल्या, तर सर्वांत उजळ स्टॉप एकटाच ५१२ पायऱ्या गिळून बसतो, त्याखालचा २५६, आणि सहाव्याच्या वांट्याला अवघ्या १६ उरतात. सावलींतील बारकावे मग यावेत कोठून? लॉग पद्धत हा अन्याय दूर करते. सोनीच्या एस-लॉग ३ मध्यें मध्यम उजेडापासून वर प्रत्येक स्टॉपला सुमारें ७५ पायऱ्या मिळतात. कल्पना कांहीं आजची नव्हे. हर्टर व ड्रिफील्ड यांनीं १८९० सालीं फोटोच्या कांचेचा जो वक्र मांडला, त्यांतहि प्रकाशाचें माप लॉगरिदमनेंच घेतलें होतें.

चूक होते ती पुढें. पडद्यावर काळा रंग उचललेला दिसतो, म्हणून कॅमेरामन ॲपर्चर मिटवितो. संस्करणाच्या मेजावर तीच सावली गडद करण्याऐवजी उजळावी लागते, आणि चेहऱ्यावर नॉइजची वाळू पसरते. लग्नांतला अंतरपाट दुसऱ्यांदा दूर करावयास कोणी सांगूं शकत नाहीं!

म्हणून डोळ्यांवर विसंबूं नये. चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडांत १८ टक्क्यांचें ग्रे कार्ड धरावें. एस-लॉग ३ मध्यें तें वेव्हफॉर्मवर ४१ टक्क्यांवर यावें. शुभ्र कागद ६१ वर थांबतो, हें ऐकून पुष्कळांस विस्मय वाटतो. पॅनासॉनिकच्या व्ही-लॉगमध्यें ग्रे कार्ड ४२ वर, तर एस-लॉग २ मध्यें ३२ वर; तेव्हां एकाचा आंकडा दुसऱ्यास लावूं नये. पाहण्यापुरती लट पडद्यावर चढवावी, नोंदींत मिसळूं नये.

कित्येक जाणते मुद्दाम एक स्टॉप अधिक देतात. त्यानें नॉइज दबतो. मात्र वरची जागा तितकीच घटते. फिल्मच्या निगेटिव्हमध्यें भीति सावलीची असे, येथें ती उजेडाची. सेन्सर एकदां भरला, कीं शुभ्र शालूवरची जर कायमची गेली. होमाची ज्वाळा पांढरी झाली तर होऊं द्यावी. वधूच्या कपाळावरची चमक जाऊं देऊं नये.

जें माप धरलें, तें त्या प्रसंगाच्या सर्व शॉट्सना सारखें ठेवावें. स्वयंचलित एक्स्पोझर येथें घातक. काळा कोट पुढून गेला, कीं सारें चित्र उजळतें आणि संस्करण करणाऱ्यास एकाच विधीचे दहा तुकडे दहा प्रकारें जुळवावे लागतात. मंडपांतून अंगणांत जातांना उजेड बदलला, कीं कार्ड पुन्हा पांच सेकंद कॅमेऱ्यापुढें धरावें.