तूरडाळ आणि सचिवांचा पगार

मंडळी, गुलमंडीवर सभा म्हणजे माईकला हॉर्नशी भांडावं लागतं. तरी बोलतो.

कोषागारात आपण जन्मभर दुसऱ्यांची वेतननिश्चिती केली. सेवापुस्तकं पडताळणी पथकाकडे नेली, हरकती निघाल्या की पुन्हा फेऱ्या मारल्या. ठरलेला पगार बसवायचा, हे आपलं काम. तो ठरतो कसा, हे विचारायला टेबलावर सवड नव्हती.

आपल्या या मुलखात प्रश्न जुना आहे. निजामाच्या राज्यात महसूल मक्त्याने दिला जाई आणि मक्तेदाराची कमाई वसुलीतूनच सुटे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी ही पद्धत मोडीत काढून पगारी तालुकदार नेमले. त्यातला अव्वल तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. थोडक्यात, रयतेच्या खिशातला हात काढून घेण्यासाठी साहेबाला पगार सुरू झाला.

आता सातव्या वेतन आयोगाकडे या. १ जानेवारी २०१६ पासून केंद्रात तळाचा मूळ पगार १८,००० रुपये. तो मोजून काढलाय. डॉ. आयक्रॉइड यांचं आहाराचं माप, १९५७ च्या भारतीय श्रम संमेलनाने मानलेलं. एका कुटुंबाला महिन्याला पावणेत्रेचाळीस किलो तांदूळ-गहू, सात किलो दोनशे ग्रॅम डाळ, अठरा लिटर दूध, साडेपाच मीटर कापड. बाहेरच्या कुठल्याही वाण्याला ही यादी द्या, तो पुड्या बांधायला घेईल.

वरच्या टोकाला अशी यादी नाही. सचिवांचे ८०,००० चे २,२५,००० झाले. तळाला जुन्या पगाराची २.५७ पट, सचिवांना २.८१ पट; कारण काय, तर वर जबाबदारी वाढते. वाढते, मान्य. दुष्काळात टँकर, पुरात बोटी आणि रात्री दोनला मंत्र्याचा फोन, हे मी जवळून पाहिलंय. पण हिशेबनीसाची खोड जात नाही. ८०,००० ला २.५७ ने गुणा: २,०५,६०० येतात. म्हणजे पटीतल्या त्या चिमूटभर फरकाचे १९,४०० रुपये होतात. शिपायाचा अख्खा मूळ पगार त्यात बसतो आणि वर चौदाशे उरतात! आपल्या राज्यात तर तो शिपाई १५,००० वरच सुरू होतो.

मग वरचा आकडा येतो कुठून? मला विचाराल तर शेजारच्या खुर्चीकडे पाहून. सचिव आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, दोघेही २,२५,००० वर. कॅबिनेट सचिव आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश २,५०,००० वर. या धांदलीत राष्ट्रपती दीड लाखावरच राहिले होते, कॅबिनेट सचिवांच्याही खाली. २०१८ च्या अर्थसंकल्पात त्यांचे पाच लाख झाले.

आठवा आयोग न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्याकडे आहे. राज्यही पुढेमागे त्याच वाटेने जातं, म्हणून आपलं निवेदन जायला हवं. त्यात महागाई भत्ता घाला, फिटमेंटची पट घाला. शिवाय माझ्या दोन ओळी. सचिवांची पट कशी काढली, तो हिशेब डाळ-तांदळासारखा ओळीने छापा. आणि त्या जुन्या आहारसूत्रात नवरा एक, प्रत्येक मूल ०.६ आणि बायको ०.८ धरली आहे. घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवणाऱ्या बाईचं हे कमी माप कुणी ठरवलं, तेही त्यांना विचारा.