ताणलेल्या तारेवरील स्थिर तरंग



नर्सी नामदेव येथील सप्ताहात वीणा ऐकणाऱ्या मुलास तार थरथरताना दिसते, तीवरून धावणारी लाट दिसत नाही. म्हणून ‘तार जागच्या जागी हालते’ एवढे सांगून पाठ उरकला जातो. हे अपुरे आहे.

विहिरीचा दोर खिडकीच्या गजास बांधून एक झटका द्यावा. उंचवटा गजापर्यंत जातो व उलटा होऊन परततो. हात तालात हालवीत राहिल्यास जाणाऱ्या व परतणाऱ्या लाटा मिसळून दोरावर स्थिर फुगे पडतात. तो ताल मुलांनीच शोधावा, घाई नको.

सप्ताहातील वीणा खाली ठेवीत नाहीत. तेव्हा फळीवर दोन घोड्यांवरून तार ताणावी. एकतृतीयांश लांबीवर बोट हलकेच टेकवावे, मध्यावर व दोनतृतीयांशावर कागदाच्या घड्या ठेवाव्यात आणि बोटाच्या आखूड बाजूस तार छेडावी. मध्यावरील घडी उडते, तो प्रस्पंद. दुसरी, तेथे बोट नसतानाही, बसून राहते; तो निस्पंद.

येथे एखादे मूल विचारील, “तेथे लाट पोचतच नाही का?” त्यास गप्प करू नये. लाट दोन्हीकडून पोचते. परंतु एक जितकी वर ओढते, तितकीच दुसरी त्याच क्षणी खाली ओढते.