कायमचा रहिवासी



व्याख्यानाचा विषय कळवावा असे चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा माझ्या टेबलावर आणखी एक कागद पडलेला होता. नागरिकत्वासाठी मी केलेल्या अर्जाची मुलाखत झाल्यावर तो माझ्या हाती देण्यात आला होता. परीक्षेत तुम्ही उत्तीर्ण झाला आहात, परंतु अर्जावर आज निर्णय देता येत नाही, एवढाच त्याचा मजकूर. या दुसऱ्या कागदाने पहिल्या पत्राचे उत्तर परस्पर देऊन टाकले.

मी न्यू जर्सीत राहतो. तिथल्या कायद्याच्या भाषेत मी ‘कायमचा रहिवासी’ आहे. शब्द भारदस्त आहे, पण फसवा आहे. ज्या हिरव्या कार्डावर हे कायमपण छापलेले असते, ते दर दहा वर्षांनी नवे करून घ्यावे लागते. आगाऊ परवाना न काढता वर्षभर बाहेर राहिले, तर त्या कार्डावर परत प्रवेश मिळत नाही. काही गुन्ह्यांत दोषी ठरल्यास कायमच्या रहिवाशाला देशाबाहेर घालवताही येते. कर सगळे भरायचे, पण संसदेची निवडणूक आली की खिडकीतून पाहत बसायचे. आपल्याकडे जुन्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या राहणारे भाडेकरू असत, त्यांची मला अनेकदा आठवण येते. अर्थात आपल्या भाडेकरूंना निदान कायद्याचे संरक्षण तरी भक्कम होते!

या स्थितीतून नागरिक व्हायचे, तर सामान्यतः पाच वर्षे रहिवास लागतो; नागरिकाशी विवाह होऊन एकत्र संसार असेल तर तीन. त्या पाचांपैकी निदान तीस महिने प्रत्यक्ष त्या भूमीवर घालवलेले असावे लागतात. हा पाचाचा आकडा फार जुना आहे. १७९० च्या पहिल्या कायद्यात दोनच वर्षे पुरत. १७९५ मध्ये पाच झाली, १७९८ मध्ये परकीयांच्या भीतीने एकदम चौदा, आणि १८०२ मध्ये पुन्हा पाच. तेव्हापासून तो आकडा टिकून आहे.

परंतु वर्षे कितीही मोजली तरी आपल्या माणसाचा तिथे प्रवेश होईलच असे नव्हते. १७९० चा कायदा ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसापुरता होता. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग हिंदी माणूस गोरा की काळा? न्यायालये कधी असे म्हणत, कधी तसे. भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांना १९१० मध्ये नागरिकत्व मिळाले. महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद यांना मात्र १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तुम्ही आर्यवंशीय असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तसे तुम्ही नाही. आणि मग ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालेले होते त्यांचेही काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. वैष्णोदास बगाई या व्यापाऱ्याने अशा अवस्थेत १९२८ मध्ये आत्महत्या केली.

याच काळातले एक नाव आपण विसरता कामा नये. सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियात वकिली करीत. १९१४ मध्ये ते नागरिक झाले होते, आणि थिंद यांच्या वतीने काम पाहणाऱ्यांत तेही होते. अशील हरला आणि सरकारने वकिलावरच दावा लावला. पंडितांनी वंशाचा वाद बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे असे की, न्यायालयाने रीतसर सुनावणी घेऊन मला नागरिक केले. तेव्हा तुम्ही अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी वकिलीची सनद घेतली, घर केले, विवाह केला. आता तो निकाल उलटवला, तर तेव्हाच्या कायद्याप्रमाणे माझी अमेरिकेत जन्मलेली पत्नीदेखील देशाविना राहील. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घेण्याचे नाकारले, आणि हिंदी लोकांचे नागरिकत्व रद्द करण्याची ती मोहीम थंडावली. माझ्या मते या साऱ्या इतिहासात इतका शहाणपणाचा युक्तिवाद दुसरा नाही. मी कोणत्या वंशाचा आहे हे तुम्ही ठरवत बसा. मी तुमच्या शब्दावर आयुष्य उभारले आहे, एवढे पाहा!

दार रीतसर उघडले ते १९४६ च्या कायद्याने, आणि तेही वर्षाला शंभर माणसांच्या प्रवेशापुरते. त्या कायद्याच्या आधारे दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले, आणि १९५६ मध्ये थेट प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

आज वंश कोणी विचारीत नाही. आज छळते ती प्रतीक्षा. नोकरीच्या वाटेने हिरवे कार्ड मागणाऱ्या कित्येक भारतीयांची दहा-दहा वर्षे, त्याहूनही अधिक, केवळ रांगेत जातात, कारण कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांवर जागा येऊ नयेत असा दंडक आहे. त्या मानाने नागरिकत्वाचा अर्ज ही छोटी गोष्ट. अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मुलाखतीला जायचे. मी अर्ज केला तेव्हा शंभर प्रश्नांतले दहा विचारीत व सहा यावे लागत. २० ऑक्टोबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना १२८ पैकी वीस विचारतात आणि बारा यावे लागतात. वसाहतींतले लोक इंग्रजांशी का लढले, असाही एक प्रश्न त्या शंभरांत आहे. आपल्या माणसाला तो अवघड जात नाही.

मला अवघड गेला तो प्रवासांचा तक्ता. गेल्या पाच वर्षांत देशाबाहेर केव्हा गेलात, केव्हा परतलात, कोणत्या देशात होतात, हे ओळीने लिहायचे. पासपोर्टावरचे शिक्के पाहत मी लिहू लागलो. एक ओळ सव्वीस दिवसांची होती. वडील अतिदक्षता विभागात होते, तिथपासून तेराव्यापर्यंतचे ते दिवस. दुसरी ओळ अकरा दिवसांची, वर्षश्राद्धाची. तक्त्यात कारणाचा रकाना नाही. मी बेरीज केली, ती नियमात बसत होती, आणि तशी ती बसली याचा मला आनंद झाला. त्या आनंदाची लाज मला नंतर बरेच दिवस वाटत होती.

मुलाखतीनंतर एकशे वीस दिवसांत निर्णय झाला नाही, तर अर्जदाराला जिल्हा न्यायालयात जाता येते. आज एकशे एकतीस दिवस झाले. वकील विचारतात, दावा लावू या का? मी उद्या सांगतो म्हणतो. कारण मंजुरीनंतर शपथ आहे. आजवर ज्या परकीय सत्तेशी निष्ठा होती ती पूर्णपणे सोडल्याचे हात वर करून सांगायचे. आणि आपल्याही घटनेचे नववे कलम व १९५५ चा कायदा स्पष्ट आहे: स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की आपले संपले. पासपोर्ट परत करायचा. पुढे २००५ पासून देण्यात येणारे परदेशस्थ नागरिकाचे पत्र मिळते. त्याच्या नावात नागरिक शब्द आहे, पण मत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

सांगलीला आईला हे सर्व समजावून सांगितले. तिने विचारले, “सात-बाऱ्यावर यांच्या मागे तुझं नाव लागलंय, ते राहील ना?” म्हटले, राहील, वारसाने आलेले आहे, नवी जमीन मात्र घेता येणार नाही. “आहे ती तरी कोण बघतंय,” ती म्हणाली, आणि दुधाचा हिशेब लिहायला बसली.

परवा मी परत जाणार आहे. शपथविधीचे बोलावणे येते त्यासोबत काही प्रश्न असतात, आणि त्यांत मुलाखतीनंतर देशाबाहेर प्रवास केला होता काय, असा एक असतो. बोलावणे आलेच, तर या एकोणीस दिवसांसाठी त्यापुढे मला ‘होय’ असे लिहावे लागेल.