मतदानाच्या आधी काय ठरतं?



अमेरिकेच्या उत्तरेला, मोठ्या सरोवरांच्या काठी मिशिगन नावाचं राज्य आहे. येत्या ३ नोव्हेंबरला तिथे काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, निवडणुका आहेत. या राज्यावर आज भिवंडीत व्याख्यान ठेवायचं एक कारण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्या राज्यातून प्रतिनिधिगृहात जे तेरा सदस्य जातात, त्यांपैकी एक श्री ठाणेदार आहेत. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, १९७९ मध्ये अमेरिकेला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, धंदा उभा केला, तो बुडाला, पुन्हा उभा केला. हे सगळं त्यांनी 'ही श्रीची इच्छा' या मराठी पुस्तकात लिहिलं आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण नुसत्या अभिमानासाठी मी तुमची संध्याकाळ घेणार नाही. त्यांच्या मतदारसंघात निवडणूक कशी होते हे पाहिलं, की आपल्या मतदारसंघात काय होत नाही ते लख्ख दिसतं. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे मतदानाच्या दिवसाआधी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. मतदारसंघाची हद्द कुठून कुठे, ही पहिली. यंत्रावर कोणाकोणाची नावं येणार, ही दुसरी. या दोन्ही ठरल्या की आपल्या वाट्याला उरतं ते बटण. मिशिगनच्या लोकांनी या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातात घेतल्या आहेत.

आधी नावांचं पाहू. ठाणेदारांचा मतदारसंघ तेरावा. डेट्रॉईट शहराचा मोठा भाग त्यात येतो. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं इतकं बळ आहे की नोव्हेंबरचा निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. खरी झुंज ऑगस्टमध्ये होते, पक्षाच्या आतल्या निवडणुकीत. तिला ते 'प्रायमरी' म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या दिवशी सामान्य मतदार ठरवतात. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षनिहाय नोंदणी होत नाही. कोणीही नोंदलेला मतदार केंद्रावर जातो, एका पक्षाचा रकाना निवडतो आणि त्यातल्या नावांपैकी एकावर खूण करतो. उमेदवाराला रकान्यात यायचं तर मतदारसंघातल्या किमान एक हजार नोंदलेल्या मतदारांच्या ग्राह्य सह्या आणाव्या लागतात. २०२४ मध्ये अ‍ॅडम हॉलियर या दमदार प्रतिस्पर्ध्याच्या सह्या तपासल्या, तेव्हा ८६३ च ग्राह्य निघाल्या. त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही.

हेच हॉलियर २०२२ मध्ये ठाणेदारांसमोर होते. त्या वेळी एका जागेसाठी एकाच पक्षाचे नऊ उमेदवार रिंगणात होते. ठाणेदारांना मतं मिळाली सुमारे २८ टक्के. तेवढ्यावर उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरमध्ये जागाही. त्या विजयाला एक दुखरी बाजू आहे आणि ती इथे सांगितलीच पाहिजे. डेट्रॉईट हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं शहर. १९५५ साली चार्ल्स डिग्ज प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला गेले, तेव्हापासून जवळपास सत्तर वर्षं या शहराचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा. २०२३ च्या जानेवारीत ती परंपरा तुटली. तिथल्या लोकांना ते लागलं, आणि का लागू नये? बेळगावच्या मराठी माणसाने आपलं माणूस निवडून यावं म्हणून किती निवडणुका महाराष्ट्र एकीकरण समितीच्या उमेदवारांना मतं दिली, ते आठवा म्हणजे डेट्रॉईटचं दुखणं कळेल. त्याच बेळगावातला मुलगा दुसऱ्या एका समाजाच्या जागेवर बसला, आणि त्याला तिथे बसवलं ते तिथल्याच मतदारांनी. यंदा डोनाव्हन मॅक्किनी या डेट्रॉईटच्या तरुण कृष्णवर्णीय आमदाराने त्यांना पक्षातूनच आव्हान दिलं आहे. पक्षातल्या पक्षात हा प्रश्न पुन्हा मतदारांपुढे मांडला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं. ४ ऑगस्टला प्रायमरी आहे. तिथे उत्तर कोणताही पक्षाध्यक्ष देणार नाही, मतदारच देतील.

आता आपल्या घरी येऊ. भिवंडी लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत आजच्या रूपात आला. पहिल्या निवडणुकीत, २००९ मध्ये, काँग्रेसचे सुरेश टावरे निवडून आले. २०१४ मध्ये कपिल पाटील राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आले आणि निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या या पाहुण्याला लगेच तिकीट मिळालं. ते जिंकले, २०१९ मध्येही जिंकले, पुढे केंद्रात पंचायत राज राज्यमंत्री झाले. २०२४ मध्ये त्यांना हरवलं सुरेश म्हात्रे, म्हणजे सगळ्यांच्या बाळ्यामामांनी, तुतारी चिन्हावर. हेच बाळ्यामामा २०१४ ला मनसेकडून याच मतदारसंघात उभे होते. माणसाने पक्ष बदलावा की नाही, हा वाद मी इथे घालणार नाही. मला एवढंच विचारायचं आहे की या प्रत्येक वेळी, अमुक पक्षाने अमुक माणसाला उभं करावं, असं भिवंडीतल्या, शहापुरातल्या किंवा मुरबाडच्या एका तरी मतदाराला कोणी विचारलं का? २०२४ मध्ये आघाडीत ही जागा आपल्याला मिळावी म्हणून काँग्रेसचे स्थानिक कार्यकर्ते आग्रह धरत होते. निर्णय वर झाला. कार्यकर्त्यांनी सतरंज्या उचलायच्या, आणि पक्षाचा एबी फॉर्म कोणाच्या हाती पडला ते टीव्हीवर पाहायचं, ही आपली पद्धत.

त्या निवडणुकीचे आकडे पाहा. म्हात्रे ४,९९,४६४. पाटील ४,३३,३४३. आणि जिजाऊ संघटनेचे नीलेश सांबरे, कोणत्याही पक्षाचं तिकीट नसताना, अपक्ष म्हणून २,३१,४१७. अपक्षाला सव्वादोन लाखांहून जास्त मतं! म्हात्रे आणि पाटील यांच्यातलं अंतर ६६ हजारांचं होतं, त्याच्या साडेतीनपट सांबऱ्यांना पडली. मोठ्या पक्षांनी दिलेली दोन्ही नावं आपल्याला चालत नाहीत, असं या मतदारांनी सांगितलं. त्यांना ते मे महिन्यात, शेवटच्या दिवशी, मत विखुरण्याचा धोका पत्करून सांगावं लागलं. ते सांगण्याची जागा त्याच्या कितीतरी आधी असायला हवी होती.

तिकीट देणारा कोण, यावर निवडून आलेला माणूस कोणाचं ऐकतो ते अवलंबून असतं. ज्याच्या हातात पुढचं तिकीट, त्याच्याकडे तोंड. त्यात १९८५ पासून आपल्याकडे घटनेची दहावी अनुसूची आहे, व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. पक्षांतराला लगाम घालायला ती आली, आणि तेव्हा तिची गरजही होती. पण परिणाम असा झाला की भिवंडीचा खासदार यंत्रमागाच्या प्रश्नावर पक्षाविरुद्ध मत द्यायला धजावणार नाही. ठाणेदारांनी गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं दाखल केली. स्वतःच्याच पक्षातल्यांना ते रुचलं नाही, दबाव आला, त्यावर मतदान घेण्याचा आग्रह त्यांनी सोडला. पण पद गेलं नाही. त्यांचा हिशेब ४ ऑगस्टला होईल, आणि तो मतदार करतील.

प्रायमरी निर्दोष आहे, असं मात्र समजू नका. २०१८ मध्ये ठाणेदारांनी राज्यपालपदाच्या प्रायमरीत स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले, तरी ते तिसरे आले. उमेदवाराने स्वतःचा किती पैसा लावावा, याला तिथे मर्यादाच घालता येत नाही. १९७६ च्या बक्ली खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलं. आपल्याकडे लोकसभेला ९५ लाखांची मर्यादा आहे. ती कशी पाळली जाते हे निवडणुकीच्या दिवसांत गल्लीबोळांत सगळे पाहतात, तरीही ती कागदावर आहे हे बरंच आहे. ऑगस्टमधल्या मतदानाला तिथेही कमी लोक येतात, आणि मतं अनेक उमेदवारांत विभागली की २८ टक्क्यांचा माणूस जिंकतो. पण २८ टक्के म्हणजे निदान हजारो मतदार. आपल्याकडे उमेदवार ठरवणारी माणसं एका खोलीत मावतात.

आणि आपल्याकडे हे कधी झालंच नाही, असंही नाही. २०१४ मध्ये राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या काही मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने निवडला. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यात सागर मेघे, लातूरला दत्तात्रय बनसोडे. दोघेही पुढे मोदी लाटेत हरले आणि प्रयोग गुंडाळला गेला. मला हे दुर्दैवाचं वाटतं. मतदान फक्त पदाधिकाऱ्यांपुरतं होतं, सामान्य मतदाराला त्यात जागा नव्हती. खरं तर प्रयोग अर्धाच झाला होता, आणि अर्ध्या प्रयोगावरून पूर्ण निष्कर्ष काढून सगळे पक्ष मोकळे झाले.

आता हद्दीकडे येतो. आपला मतदारसंघ डोळ्यांसमोर आणा. भिवंडी पूर्व, भिवंडी पश्चिम, भिवंडी ग्रामीण, शहापूर, मुरबाड आणि कल्याण पश्चिम. शांतीनगरचा यंत्रमाग कामगार, पद्मानगरचा तेलुगू विणकर, अंजूरफाट्याच्या गोदामांतला हमाल, आगरी आणि कुणबी शेतकरी, कसाऱ्याकडचा वारली, पहाटेची लोकल पकडणारा बदलापूरकर, या सगळ्यांचा खासदार एकच. मुंबईला पाणी पाजणारी भातसा, तानसा आणि वैतरणेची धरणं शहापूरच्या परिसरात, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर. कल्याण पश्चिम भिवंडीत, कल्याण पूर्व मात्र कल्याण लोकसभेत. या रेघा कोणी मारल्या? पुनर्रचना आयोगाने. तेव्हा त्या आयोगापुढे जाऊन म्हणणं मांडणारे सामान्य भिवंडीकर किती होते? या सभागृहात कोणी असेल तर मला त्यांना नमस्कार करायला आवडेल.

मिशिगनमध्ये हद्दी आखायचं काम पूर्वी विधिमंडळातले सत्ताधारी करायचे, साहजिकच आपल्या सोयीने. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये केटी फेही नावाच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की मला हे बदलायचं आहे, कोणी सोबत येणार का? लोक आले. बाजारांत, जत्रांत, रस्त्यांवर उभं राहून स्वयंसेवकांनी चार लाखांहून अधिक सह्या जमवल्या. २०१८ मध्ये राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव थेट जनतेपुढे गेला आणि ६१ टक्क्यांनी मंजूर झाला. आता तिथे तेरा नागरिकांचा आयोग असतो, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कोणत्याही पक्षाचे नसलेले. अर्ज केलेल्यांतून सोडतीने निवडलेले. त्यांनीही चुका केल्या. डेट्रॉईट परिसरातले राज्य विधिमंडळाचे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून २०२३ च्या डिसेंबरमध्ये फेडरल न्यायालयाने रद्द ठरवले. पुन्हा आखावे लागले. पण न्यायालयात जाणारे डेट्रॉईटचे रहिवासीच होते, आणि त्यांचं ऐकलं गेलं.

आपल्याकडे अशी सोय नाही. पुनर्रचना आयोगाचा आदेश एकदा निघाला की न्यायालयाचं दार जवळपास बंद असतं. घटनेचं कलम ३२९ तसं सांगतं. म्हणूनच आदेश निघण्याआधीचे दिवस मोलाचे. गेल्या पुनर्रचनेच्या कायद्यात तरतूद होती की आयोगाने मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती आणि सूचना मागवायच्या, आणि उघड बैठका घेऊन त्या ऐकायच्या. पुढेही तसंच अपेक्षित आहे. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जनगणना जाहीर झाली आहे, आणि तिच्या मागोमाग पुनर्रचनेचा प्रश्न येणारच. वीस लाखांहून अधिक मतदारांचा हा मतदारसंघ तेव्हा असाच राहील असं धरून चालू नका.

म्हणून तुम्हाला दोन कामं सांगतो. मसुदा आला की तो वाचा. तुमच्या प्रभागाचं, गावाचं, पाड्याचं नाव कुठे टाकलं आहे ते पाहा, हरकत असेल तर लेखी द्या आणि सुनावणीला स्वतः जा. यंत्रमागवाल्यांनी जावं, शहापूरच्या पाण्यासाठी भांडणाऱ्यांनी जावं, कॉलेजच्या मुलांनी जावं. दुसरं काम पक्षात असलेल्यांसाठी. तुम्ही ज्या पक्षाचे सदस्य आहात त्याच्या जिल्हाध्यक्षांना पत्र लिहा, पुढच्या लोकसभेचा उमेदवार भिवंडीच्या सदस्यांच्या मतदानाने ठरवा, अशी मागणी करा, आणि त्या पत्राची पोच घ्या. सगळ्या पक्षांच्या सदस्यांनी हे करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे, आणि ही पत्रं लिहायची वेळ आत्ताची आहे.