शिकला एक, मेले तीन

(अभ्यासवर्गातल्या भाषणाचा मजकूर)

मागच्या खेपेला आपण ‘अँटिगनी’चं वाचन केलं, तेव्हा शेवटावरून वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला. म्हणून आज थोडं बोलते. मला ग्रीक येत नाही. मी समाजकार्य शिकलेली बाई, नाटक भाषांतरातूनच वाचलं आहे.

सोफोक्लीझचं हे नाटक साधारण इ.स.पू. ४४१ चं. थीब्जच्या गादीपायी दोन भाऊ एकमेकांना मारतात. त्यांचा सख्खा मामा क्रेऑन राजा होतो आणि फर्मान काढतो : शहरावर चालून आलेल्या भावाचं प्रेत कुणी पुरायचं नाही. बहीण अँटिगनी त्यावर माती टाकते. तो तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. अखेर अंध द्रष्टा टायरेसियस बजावतो, तेव्हा क्रेऑन घाबरतो. कोरस, म्हणजे शहरातली वडीलधारी पुरुषमंडळी, त्याला सांगतात, आधी मुलीला सोडव, मग प्रेत पूर. हा आधी प्रेताकडे जातो! गुहेत पोचेपर्यंत तिनं गळफास घेतलेला असतो. तिच्याशी लग्न ठरलेला त्याचा मुलगा हेमॉन, आणि मग राणी युरिडिसी, दोघंही जीव देतात.

शेवटी कोरस म्हणतो, की सुखात पहिला मान शहाणपणाचा, आणि गर्विष्ठांना ते तडाखे खाऊन म्हातारपणी येतं. इथं सुख म्हणजे ‘युडायमोनिया’, अख्खं आयुष्य नीट मार्गी लागणं. शहाणपण म्हणजे स्वतःची मर्यादा ओळखणं. म्हणणं खोटं नाही. पण मी दर वेळी मोजते : शिकला एक, मेले तीन.

ईस्किलसच्या ‘अगामेम्नॉन’मध्येही (इ.स.पू. ४५८) कोरस सांगतो, की माणूस सोसून शहाणा होतो. हे कोणत्या गाण्यात? त्याच गाण्यात बापानं जहाजांच्या वाऱ्यासाठी पोटची मुलगी बळी दिल्याची हकिगत आहे. तिनं घराण्याला शाप देऊ नये म्हणून तिचं तोंडही बांधलं होतं. तिनं सोसलं ते कशासाठी शिकायला?

बरं, क्रेऑनला आधी कुणी सांगितलं नाही असंही नाही. गावाला या मुलीची हळहळ वाटते, हे हेमॉन तोंडावर सांगतो. बाप त्याला बाईचा गुलाम ठरवतो. शहाणपण समोर होतं. ते पोराकडून, तेही एका मुलीच्या बाजूनं आलेलं त्याला चालत नव्हतं.

मुलींसाठीचं शहाणपण वेगळंच असतं. धाकटी इस्मेनी म्हणते, आपण बायका, पुरुषांशी कशा लढणार? मी हसणार नाही तिला. कामाच्या पहिल्या वर्षी सल्ला केंद्रात एक बाई आली होती, मी तिला म्हटलं, “ताई, जरा शहाणपणानं घ्या.” ती मान हलवून घरी गेली. पुन्हा आली ती हात प्लॅस्टरमध्ये घालून. मला तेव्हा समज आली. हात तिचा मोडला होता.

इस्मेनी नंतर बहिणीबरोबर मरायला तयार होते, हे मात्र आपल्या चर्चेत निसटलं.

आणि युरिडिसी. मूळ ग्रीकमध्ये तिला नऊ ओळी आहेत. मुलाची बातमी ऐकते आणि एक शब्द न बोलता आत जाते. मागच्या वेळी वेळ वाचवायला आपण तिचा प्रवेश गाळला होता. पुढच्या वाचनात त्या नऊ ओळी कोण वाचणार, ते आजच ठरवू या.