बोट आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



 मला दिलेला विषय आहे ‘इंटरनेटवरील परस्परसंवादी सोयी आणि मानवी मन’. शब्द जड आहेत, पण वस्तू आपल्या सर्वांच्या खिशातली आहे.

परस्परसंवादी सोय म्हणजे काय? जिथे आपण बोट लावले की समोरून काहीतरी उत्तर मिळते, अशी पडद्यावरची प्रत्येक जागा. अंगठ्याचे चिन्ह, लाल ठिपक्यातला आकडा, संदेशाखालच्या दोन निळ्या खुणा, निरोप पुढे पाठविण्याचा बाण, एक संपताच आपोआप सुरू होणारा दुसरा व्हिडिओ, या सगळ्या त्यात आल्या. यांतली बहुतेक चिन्हे बोटाच्या पेराएवढीही नाहीत. तरीही माणूस काय पाहतो, किती वेळ पाहतो, कशाने सुखावतो आणि कशाने खट्टू होतो, यावर त्यांचा मोठा प्रभाव पडतो. तो कसा पडतो, हे आज आपण पाहू.

जुन्या काळी वर्तमानपत्रातील मजकुरावर मत द्यायचे तर पत्र लिहावे लागे. कागद घ्यायचा, मजकूर जुळवायचा, पाकिटावर तिकीट लावायचे आणि मग छापून येण्याची वाट पाहायची. मनात उठलेली ऊर्मी आणि हातून घडणारी कृती यांच्यामध्ये काही तासांचे, काही दिवसांचे अंतर असे. पुष्कळ पत्रे त्या अंतरातच फाडली जात, कारण रागाच्या भरात लिहिलेले दुसऱ्या दिवशी वाचताना आपलेच आपल्याला पटत नसे. विवेकाला काम करण्यासाठी हेच अंतर लागते. आज आपण ज्या सोयी वापरतो, त्यांची सारी रचना हे अंतर शक्य तितके कमी करण्यासाठी झालेली आहे. माझे आजचे सगळे प्रतिपादन या एका मुद्द्याभोवती आहे.

प्रथम मनाचा एक नियम समजून घेऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांवर दीर्घकाळ प्रयोग केले व १९५७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने चकतीवर चोच मारली की दाणा मिळे. ठरावीक चोची मारल्यावर नेमाने दाणा मिळत असेल, तर पक्षी दाणा खाऊन थोडा विसावा घेई. परंतु दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, असा अनिश्चितपणे मिळू लागला की तो न थांबता चोच मारीत राही. दाणा बंद झाल्यावरही त्याची ती सवय फार उशिरा सुटे. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याची मनःस्थिती हीच असते.

आता मोबाईल हाती घेतल्यावर काय घडते ते आठवा. पडदा बोटाने खाली ओढला की नवा मजकूर येतो. कधी तो निरर्थक असतो, तर कधी नातवाचा फोटो असतो, कधी एखादी आनंदाची वार्ता असते. काय येईल हे ठाऊक नसते, म्हणूनच हात पुन्हा तिकडे जातो. प्रत्येक वेळी काहीतरी चांगले हमखास मिळाले असते, तर आपण लवकर कंटाळलो असतो. न मिळण्याची शक्यताच माणसाला बांधून ठेवते.

दुसरी गोष्ट आकड्याची. फेसबुकवर ‘लाईक’चे चिन्ह फेब्रुवारी २००९ मध्ये आले. त्यापूर्वी एखाद्याच्या फोटोविषयी काही म्हणायचे तर चार शब्द लिहावे लागत. शब्दांची जागा अंगठ्याने घेतली आणि अंगठे मोजता येऊ लागले. ज्याला आजवर माप नव्हते, त्या कौतुकाला माप आले. माप आले की तुलना येते. माझ्या मुलीच्या नृत्याला किती, शेजारच्या मुलीच्या नृत्याला किती, हा प्रश्न पूर्वी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१६ मध्ये १३ ते १८ या वयोगटातील ३२ मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात त्यांना फोटो दाखविण्यात आले. प्रत्येक फोटोखाली पसंतीचा आकडा होता. तो संशोधकांनीच आपल्या मनाने ठरविलेला होता. मुलांना वाटले की तो समवयस्कांनी दिला आहे. आपल्या फोटोखाली मोठा आकडा दिसताच मेंदूतील सुखाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला. शिवाय ज्या फोटोला आधीच पुष्कळ पसंती होती, त्यालाच मुलेही पसंती देऊ लागली. फोटो चांगला की वाईट, हा निर्णय त्यांच्या आधी आकड्याने घेऊन टाकला होता.

ही गोष्ट केवळ मुलांची आहे असे कोणी समजू नये. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. अपरिचित कलावंतांची ४८ गाणी इंटरनेटवर ठेवली. १४,३४१ लोकांनी ती ऐकली. एका गटाला फक्त गाण्यांची नावे दिसत. उरलेल्यांची आठ स्वतंत्र ‘जगे’ केली होती आणि त्यांना आपापल्या जगात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले, तो आकडाही दिसे. गाणी तीच, श्रोते तसेच. पण आठ जगांत यशस्वी ठरलेली गाणी वेगवेगळी निघाली. एक गाणे एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात चाळिसावे. जे सर्वांत उत्तम ते क्वचितच मागे पडले, जे अगदी सुमार ते क्वचितच वर आले. मधल्या सर्व गाण्यांचे भवितव्य मात्र सुरुवातीच्या थोड्या लोकांनी कोठे बोट ठेवले यावर ठरले. आपल्यापैकी जे व्यापारात आहेत, त्यांना हे लगेच पटेल. गर्दी असलेल्या दुकानात गिऱ्हाईक शिरते. फरक इतकाच, की दुकानातली गर्दी डोळ्यांनी पारखता येते. पडद्यावरचा आकडा आपण पारखून पाहत नाही.

तिसरी गोष्ट शेवट नाहीसा होण्याची. पुस्तकाचे प्रकरण संपते, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. त्या जागी माणूस मान वर करतो आणि घड्याळाकडे पाहतो. २००६ मध्ये एझा रास्किन या अभियंत्याने पान न संपता खालून मजकूर येतच राहील अशी रचना तयार केली. हेतू वाचकाचे श्रम वाचविण्याचा होता. पुढे स्वतः रास्किन यांनीच या रचनेच्या परिणामांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. शेवट नाही म्हणजे थांबण्याची जागा नाही. आणि थांबण्याची जागा नाही म्हणजे ‘आता पुरे’ असे स्वतःला सांगण्याचा क्षणच येत नाही. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहिती विपुल झाली की लक्ष दुर्मिळ होते. आज त्या दुर्मिळ लक्षाचाच व्यापार चालतो. आपण जितका वेळ थांबू, तितक्या जाहिराती आपल्यासमोर येतात. सेवा फुकट असली तरी तिचे मोल आपण वेळेच्या रूपाने मोजतो.

चौथी गोष्ट नात्यांशी संबंधित आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या. निरोप वाचला गेला, हे पाठविणाऱ्याला कळू लागले. माहिती खरी होती, पण अपुरी होती. सुनेने निरोप वाचला तेव्हा ती गॅससमोर होती की बसमध्ये उभी होती, हे निळी खूण सांगत नाही. ती पोकळी आपले मन भरून काढते, आणि बहुधा संशयाने भरते. ‘वाचले, पण उत्तर दिले नाही’ या एका वाक्यावरून आज किती घरांत अबोला धरला जातो, याचा प्रत्येकाने आपल्या परिचितांत शोध घ्यावा.

मे २०२२ मध्ये त्याच ठिकाणी निरोपावर चिन्ह उमटविण्याची सोय झाली. समाजाच्या गटावर कोणाच्या निधनाची वार्ता येते आणि पाच मिनिटांत तिच्याखाली जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागते. पाठविणाऱ्याची भावना खोटी नसते. परंतु चिन्ह उमटविले की मनाला वाटते, आपले कर्तव्य पार पडले. पूर्वी आपण त्या घरी जात होतो, ओसरीवर अर्धा तास न बोलता बसत होतो. दुःखितांना आधार त्या बसण्याचा होता.

यापुढचे उदाहरण अधिक गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी मुले पळविणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून गुजराण करणाऱ्या भटक्या समाजातील ती माणसे होती. त्या महिन्यांत अशाच अफवा मोबाईलवरील संदेशांतून देशाच्या अनेक भागांत फिरत होत्या आणि इतरत्रही निरपराध माणसे बळी पडली. हत्या जमावाने केली. तो दोष कोणत्याही यंत्रावर ढकलता येणार नाही. परंतु अफवा पुढे पाठविणाऱ्या असंख्य हातांपैकी बहुतेक हात सज्जनांचे होते. मुलांची काळजी म्हणून, इतरांना सावध करावे म्हणून त्यांनी बाणाला बोट लावले. खरे-खोटे तपासण्याइतका अवधी त्या सोयीने त्यांच्यासाठी ठेवला नव्हता आणि त्यांनी स्वतःही तो घेतला नाही.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. व्हॉट्सॲपवरील निरोप पाठविणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही वाचता येत नाहीत, कंपनीलाही नाही. म्हणून मजकूर अडविण्याऐवजी सोयच बदलावी लागली. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल असे जाहीर केले आणि चित्रांशेजारचा झटपट पाठविण्याचा बाणही काढून टाकण्याचे ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये पुष्कळदा पुढे पाठविलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आले. तेव्हापासून अशा निरोपांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटला, असे कंपनीनेच सांगितले. या काळात माणसांचा स्वभाव बदलला नव्हता. बोट आणि विवेक यांच्यामध्ये थोडेसे अंतर निर्माण केले गेले होते, आणि तेवढ्याने इतका फरक पडला.

बंधू-भगिनींनो, या सोयींचे उपकारही आपण विसरू नयेत. २०२० च्या टाळेबंदीत परदेशी असलेल्या मुलांची तोंडे आईवडिलांना याच पडद्यावर दिसली. रक्ताची तातडीची गरज एका निरोपाने भागते, हा अनुभव येथे अनेकांच्या गाठीशी असेल. मुलांच्या मनावर समाजमाध्यमांचा एकूण परिणाम किती, याबाबत संशोधकांतही मतभेद आहेत. म्हणून मोबाईल फेकून द्या, असे मी सांगणार नाही. जे अंतर यंत्राने पुसले, ते आपण आपल्या हाताने पुन्हा आखावे, एवढेच माझे सांगणे आहे.

ते कसे आखावे? घरच्यांचे आणि कामाचे सोडून इतर सर्व सूचनांचे आवाज बंद करावेत; आपण फोनकडे ठरवून जावे, त्याच्या हाकेने जाऊ नये. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद ठेवण्याची सोय जिथे आहे, तिथे ती वापरावी. इन्स्टाग्रामवर पसंतीचे आकडे लपविण्याची सोय मे २०२१ पासून आहे. घरातील किशोरवयीन मुलांशी बसून, त्यांच्या संमतीने ती वापरून पाहावी. मुलाने चित्र काढले तर ते कोठेही टाकण्यापूर्वी घरातल्या दोघांनी ते नीट पाहावे आणि शब्दांत काही सांगावे, म्हणजे आपल्या कलेची पहिली किंमत त्याला आकड्यातून कळणार नाही. उत्तर आले नाही तर निळ्या खुणेचा अर्थ न लावता फोन करावा. मन क्षुब्ध करणारा निरोप आला तर तो एक रात्र आपल्याकडेच ठेवावा. सकाळी तो खरा आहे असे ठरले तर पुढे पाठविता येईलच.

व्यापारी बंधूंना एक विशेष विनंती. आता आपल्यापैकी अनेकांची विक्री इंटरनेटवरून होते. खोटी घाई दाखविणे, नको असलेली वस्तू गुपचूप टोपलीत घालणे, नकार देणाऱ्याला लाजविणे अशा १३ फसव्या रचनांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे मनाई केली आहे. ‘शेवटचे दोनच नग’ हे दोनच नग असतील तेव्हाच लिहावे. गिऱ्हाइकाला विचार करायला अवधी देणारा दुकानदार पूर्वीही टिकला आणि यापुढेही टिकेल.

या सभागृहात आज आपण एक तास एकमेकांसमोर बसलो. भाषण आवडले की नाही, हे मला आपल्या चेहऱ्यांवरून थोडेफार कळले; त्याचा आकडा कोठेही लागणार नाही. ज्यांना माझे म्हणणे पटले नाही, त्यांनी कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी अवश्य भेटावे. मी त्यांची वाट पाहीन.